तिसऱ्या आजीची धाकटी सून

बातमी आली तेव्हा सुयुन आल्याच्या विहिरीत होती.

शीवान गावात ज्याच्या शेतात आलं, त्याच्या अंगणात अशी एक कोरडी विहीर असायचीच. तीन पुरुष खोल, आणि तळाशी आडव्या खणलेल्या दोन खोल्या. थंडीचा कडाका पडायच्या आत आलं उपटायचं आणि तिथं ओल्या वाळूत निजवून ठेवायचं, की वर्षभर ताजं राहतं. सुयुन गुडघे टेकून गेल्या वर्षीची वाळू उकरत होती, तेवढ्यात वरून कुणीतरी तोंड खाली घालून ओरडलं.

"वहिनी! अहो वहिनी! नाव लागलं तुमचं!"

आवाज सेक्रेटरीचा. कम्युनिस्ट पक्षाचा गावातला सेक्रेटरी ल्वान चोंगी, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. विहिरीत त्याचा एकेक शब्द दोनदा ऐकू येत होता.

"कशात लागलं?"

"आदर्श सून! सबंध तालुक्यातून बारा जणी निवडल्या, आणि त्यात आपल्या गावच्या तुम्ही! नवव्या महिन्यातल्या नवमीला, वृद्धांच्या सणाला, स्टेजवर सत्कार!"

सुयुनचा हात थांबला. "भाऊजी, नवमीला माझं आलं काढायचंय."

"आलं काय पळून जातंय का?"

"थंडी पडली तर सडून जातंय."

"आधी वर या बघू! विहिरीत बसून सत्काराचं बोलतात का कुणी?"

पण सुयुन वर आली नाही. वाळू उरकायची आहे असं सांगून तिनं त्याला वाटेला लावलं आणि तो गेल्यावर फावडं बाजूला ठेवून तशीच बसून राहिली. दोनच दिवसांपूर्वी तिनं यिन मिस्त्रीला हो म्हटलं होतं.

हा यिन बारा किलोमीटरवरच्या गावातला. विहिरीवरचे टोपल्या चढवायचे विजेचे रहाट दुरुस्त करायचा. बावन्न वर्षांचा, बायको वारलेली, मुलगा दूर दक्षिणेत नोकरीला. मितभाषी माणूस. तीन वर्षं तो सुयुनचा रहाट दुरुस्त करत होता, आणि तिसऱ्या वर्षी बाजारात कोबी निवडता निवडता, तिच्याकडे न बघता म्हणाला होता, "माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुमच्या मनात असेल तर." तिनं दोन कोबी उचलले, खाली ठेवले, परत उचलले आणि म्हणाली, "आलं निघू दे. मग आईंना सांगते."

सुयुन बावीस वर्षांची असताना डोंगरातल्या गावातून लग्न करून इथं आली. नवरा स्वभावानं चांगला होता. बंदरावर कामाला गेला, तिथल्या एका अपघातात वारला, त्याला आता नऊ वर्षं झाली. मुलगी निंग लग्न होऊन समुद्राकाठच्या शहरात गेली. मागे राहिल्या सुयुन आणि सासू. सासरे तीन भावांतले तिसरे, म्हणून सासूला सगळा गाव तिसरी आजी म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी म्हातारीला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. थोरला मुलगा देशान तिएनजिनमध्ये सरकारी कचेरीत होता. तो नववर्षाला फळांच्या पेट्या घेऊन यायचा, आईच्या उशाशी बसून डोळे पुसायचा आणि चौथ्या दिवशी गाडीत बसायचा. बाकीचे तीनशे साठ दिवस सुयुनचे.

ती ते करत होती. कर्तव्य म्हणून की सवयीनं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. पण अलीकडे तिला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी भाजता भाजता ती उठून फाटकापर्यंत जाऊन यायची. धुतलेले कपडे दोरीवरून काढून परत वाळत घालायची. म्हातारी आपल्या निजायच्या विटांच्या ओट्यावरून म्हणायची, "अगं, तुझ्या पायांत कुणी भिंगरी बांधलीय का?"

नवमीच्या दिवशी रेडिओनं सांगितलं, तीन दिवसांत कडाका येणार. गावातली झाडून सगळी माणसं शेतात, आणि सुयुन तालुक्याच्या मैदानात, लाल पट्टा गळ्यात घालून. स्टेजवर बारा खुर्च्या, खुर्च्यांवर बारा सासवा, प्रत्येकीपुढे एक लाल प्लॅस्टिकचं घमेलं आणि नवा टॉवेल. निवेदिका माइकमध्ये भरल्या गळ्यानं म्हणाली, "आता आपल्या आदर्श सुना आपल्या सासूबाईंचे पाय धुतील."

सुयुननं म्हातारीचा मोजा काढला.

"हे काय करतेस?" म्हातारी मोठ्यानं म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून तिचा आवाज नेहमीच चढा.

"पाय धुते, आई."

"कालच तर आंघोळ घातलीस. सबंध अंग धुतलंस. आता एवढ्या लोकांपुढे पायच कशाला?"

पहिल्या रांगेतली माणसं हसायला लागली. निवेदिका लगबगीनं पुढं आली. "आजी, कसं वाटतंय?"

"पाणी गार आहे," म्हातारी माइकमध्ये म्हणाली. मग सुयुनचा हात तळव्याला लागला आणि तिला गुदगुल्या झाल्या. उजवा पाय असा उडाला की पाणी थेट निवेदिकेच्या साडेतीन इंची टाचांच्या बुटांत. टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिकेनं कसाबसा चेहरा सावरला आणि माइक सुयुनपुढे धरला. "ताई, आज तुमच्या मनात काय आहे?"

सुयुनच्या मनात एकच गोष्ट होती. "आलं काढायचं राहिलंय," ती म्हणाली.

ह्यावर तर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कोण साधेपणा, कोण निगर्वीपणा! खाली उतरताना सेक्रेटरी तिच्या कानात म्हणाला, "वहिनी, काय बोललात हो! लिहून दिलं असतं तरी इतकं जमलं नसतं."

दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन दारावर पाटी ठोकून गेली. लाल पत्रा, सोनेरी अक्षरं. पुढचे दोन दिवस निंग रजा काढून आली म्हणून आलं कसंबसं कडाक्याआधी विहिरीत गेलं. पण पाटीचा त्रास त्यानंतर सुरू झाला. शाळेची मुलं रांगेनं येऊन अंगणात उभी राहायची आणि मास्तरीण बाई सुयुनकडे बोट दाखवून बोलायच्या. ती तेव्हा म्हातारीचं शौचाचं भांडं धूत असली तरी. दुकानात ती शिरली की बायका गप्प व्हायच्या, मग एकदम गोड बोलायच्या. आणि यिन यायचा बंद झाला.

पंधरा दिवस वाट पाहून तिनंच त्याला बाजारात गाठलं.

"रहाट बिघडलाय माझा."

"माहीत आहे," यिन म्हणाला. "परवा तुमच्या शेजाऱ्यांनी निरोप दिला."

"मग?"

त्यानं हातातला पाना पुसला. आधीच पुसलेला होता, तरी पुसला. "लाउडस्पीकरवर तुमचं नाव आमच्या गावापर्यंत आलं. आता मी तुमच्या दारात मोटारसायकल लावली तर लोक काय म्हणतील? मला म्हणोत. पण त्या म्हातारीला तुम्ही टाकलंत, असं म्हणतील. ते माझ्यामुळं नको."

सुयुनला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. घरी येऊन तिनं थेट तिएनजिनला फोन लावला.

"दादा, नववर्षानंतर आईंना तीन-चार महिने तुमच्याकडे न्याल का?"

"सुयुन!" देशानचा आवाज आनंदानं फुलला होता. "अगं, तुझा व्हिडिओ आमच्या कचेरीत सगळ्यांनी पाहिला. साहेबांनी मला बोलावून हात मिळवला. घराण्याचं नाव काढलंस!"

"दादा, आईंचं विचारलं मी."

"आता? पाटी लागल्यावर? अगं, लोक काय म्हणतील, आदर्श सुनेनं सासूला घराबाहेर काढलं? तुझाच विचार करतोय मी. शिवाय आमच्याकडे लिफ्ट सारखी बंद."

फोन ठेवून ती विहिरीपाशी गेली, परत आली, चुलीत लाकूड सारलं, परत गेली. म्हातारी ओट्यावर पडून हे सगळं बघत होती.

"इकडे ये. बस."

"काम आहे, आई."

"काही काम नाही. बस म्हणते ना." सुयुन टेकली. "यिन मिस्त्री का येत नाही?"

"रहाट चालू असल्यावर तो कशाला येईल?"

"चालू कुठं? दोनदा तूच तार काढून ठेवलीस. डावी बाजू गेली माझी, डोळे नाही गेले."

सुयुनचे कान तापले. पंचविशीच्या पोरीसारखी ती खाली बघत राहिली. म्हातारी बोलत होती, सावकाश, झटक्यानंतर तिचे शब्द जड झाले होते.

"मी एक्केचाळीसाव्या वर्षी विधवा झाले. तेव्हा मिठाचा एक व्यापारी यायचा, समुद्राकडचा. चांगला होता. दात जरा पुढं होते, पण चांगला होता. त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. दोन मुलगे होते, सासू होती. सगळ्या गावानं मला चांगलं म्हटलं. म्हणून झालं, आणि मग सगळे आपापल्या घरी जेवायला गेले."

"मग तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाईट? मला चाळीस वर्षं त्याचे ते दात आठवतायत." म्हातारीनं उजव्या हातानं रजई वर ओढली. "मी काही तुझ्याबरोबर त्या माणसाच्या घरी येणार नाही. परक्याच्या छपराखाली मरणार नाही. मला इथंच, ह्यांच्या शेजारी पुरायचं. पण म्हणून तू माझ्या उशाशी खिळा होऊन बसायचं, असं मी कधी म्हटलं?"

"मग तुम्हाला कोण बघणार?"

"मला दोन सुना आहेत," म्हातारी म्हणाली.

संधी बाराव्या महिन्यात आली. जिल्ह्याहून एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. नववर्षाच्या कार्यक्रमासाठी आदर्श सुनांच्या सासवांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. सेक्रेटरी इस्त्रीचा कोट घालून दारात उभा. म्हातारीनं सकाळपासून केस विंचरून घेतले होते.

"आजी, सूनबाईंबद्दल काही सांगा ना."

"धाकटी चांगली आहे," म्हातारी म्हणाली. "पण थोरली तिच्याहून चांगली."

सुयुन हातातल्या केटलीसकट जागीच थांबली.

"मेइजुआन नाव तिचं. तिकडे तिएनजिनमध्ये रडते हो बिचारी. म्हणते, धाकटीला सेवा करायला मिळते, मग मी काय पाप केलं? शेवटी मी म्हटलं, ये बाई. ती आता नववर्ष झालं की दिव्यांच्या सणानंतर इथं राहायला येणार. आणि धाकटीचं मी लग्न लावून देणार. शेहेचाळीस म्हणजे काय वय आहे? नवरा मी बघून ठेवलाय. रहाट दुरुस्त करतो."

सेक्रेटरीचा चेहरा पडला. पण कॅमेऱ्यावाली मुलगी तर हरखूनच गेली. "बाई गं! आजी, किती पुढारलेले विचार आहेत तुमचे! परत एकदा म्हणाल? उजेड जरा कमी पडला."

"दहादा म्हणते," म्हातारी म्हणाली, आणि खरंच तिनं ते सगळं परत सांगितलं, दुसऱ्या खेपेला मेइजुआनच्या आसवांत थोडी भरही घातली. मुलगीच इतकी खूश म्हटल्यावर सेक्रेटरीनंही हसू आणलं आणि आपण ह्या लग्नाला पहिल्यापासून अनुकूल होतो, असं कॅमेऱ्यात सांगून टाकलं.

कार्यक्रम दाखवला त्याच संध्याकाळी देशानचा फोन आला. "आई काय बोलून बसली! कचेरीतले लोक मेइजुआनचं अभिनंदन करतायत! शेजारीण तर पाया पडायला आली. आता नाही कसं म्हणायचं?"

"मला काही माहीत नाही, दादा," सुयुन म्हणाली. ओट्यावर म्हातारी एका हातानं शेंगदाणे सोलत होती आणि तिची मान हसण्यानं हलत होती.

दिव्यांच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी मेइजुआन दोन बॅगा आणि फुगलेलं तोंड घेऊन उतरली. आदल्या वर्षीच निवृत्त झालेली, संध्याकाळी चौकात नाचाच्या वर्गाला जाणारी, केस रंगवलेली बाई. अंगणात पाय ठेवताच म्हणाली, "छान केलंस हो."

"मी काही केलं नाही, ताई."

"तेच तर. म्हातारीनं केलं. आणि माझ्या नवऱ्यानं व्हिडिओ पुढं पाठवून पाठवून पक्कं केलं. दाखव, काय काय करायचं असतं."

सुयुननं दाखवलं. कुशीवर कसं वळवायचं, पातळ पेज दिली तर ठसका लागतो म्हणून किती घट्ट करायची, बोलायचं ते उजव्या कानाशी. मेइजुआन वहीत लिहून घेत होती. चार पानं भरल्यावर पेन खाली ठेवून म्हणाली, "हे सगळं तू पाच वर्षं करतेयस?" सुयुननं पेजेचं भांडं झाकलं. मेइजुआननं पेन परत उचललं. "बरं, पुढं सांग."

लग्न म्हणजे कचेरीत दोन सह्या आणि चौघांचं जेवण. सुयुन एक रजई आणि शिवणयंत्र घेऊन यिनच्या तीनचाकीत बसली. निघताना म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. झोपली होती की झोपेचं सोंग होतं, हे सुयुनला कळलं नाही.

यिनच्या घरी सुखच होतं, आणि तेच तिला सोसेना. सकाळी पेज एकदाच टाकायची. कुणाला वळवायचं नाही, कुणाला पुसायचं नाही. ती अंगण तीनदा झाडायची. यिनच्या पत्र्याच्या डब्यांतले सगळे बोल्ट काढून तिनं लहान-मोठे लावून ठेवले, तर त्याला एकही सापडेना.

"माझे बारा नंबरचे बोल्ट कुठं गेले?"

"दुसऱ्या फळीवर, डावीकडून चौथा डबा."

"मला ते पसाऱ्यातच सापडायचे," यिन म्हणाला, पण आवाज चढवला नाही. "बस ना जरा. चहा होतोय."

ती बसायची आणि चहा निवायच्या आत उठायची. एक दिवसाआड ती तीनचाकी काढून शीवानला जायची. जाऊन पेजेत बोट घालून बघायची, चादर उलटून बघायची, मेइजुआननं घातलेली उशी काढून दुसरी घालायची. तीन आठवडे मेइजुआननं सोसलं, मग एक दिवस तिनं ती उशी सुयुनच्या हातातून हिसकावली.

"तुझा माझ्यावर भरवसा नाही ना? मग सांग तसं! मी बॅगा भरते. नाही तर तू घरी बस. एका म्हातारीला दोघी जणी ओढायला ती काय चादर आहे?"

"मी फक्त मानेखाली..."

"मानेखाली काय द्यायचं ते मला त्यांनी सांगितलंय! त्यांना तोंड आहे!"

दोघींनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी सुयुनला म्हणाली, "दहा दिवस येऊ नकोस."

"आई!"

"दहा दिवस. मोजून."

ते दहा दिवस सुयुननं कसे काढले ते यिनलाच ठाऊक. तिनं त्याच्या सगळ्या गोधड्या उसवून परत शिवल्या. पाचव्या दिवशी ती तीनचाकी घेऊन अर्ध्या वाटेवरच्या कालव्याच्या पुलापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली. सातव्या दिवशी तिची खात्री पटली की म्हातारीला पाठीवर जखम झालीय आणि कुणी सांगत नाही. अकराव्या दिवशी सकाळी ती शीवानच्या फाटकात उतरली, तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता.

म्हातारी तक्क्याला टेकून बसली होती. तिचे केस मेइजुआननं काळेभोर रंगवले होते. समोर मोबाइलवर गावठी नाटक चाललं होतं, आणि दोघी त्यातल्या कुणावर तरी हसत होत्या. सुयुननं न राहवून म्हातारीची पाठ पाहिली. साफ होती. अंगाला साबणाचा वास, नखं कापलेली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. पाच वर्षं म्हातारी तिच्यापाशी अशी हसली नव्हती, की तिला कामातून वेळ नव्हता म्हणून दिसलं नव्हतं?

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "बस. उभी काय राहतेस पाहुण्यासारखी?"

"पाहुणीच आहे ना आता," सुयुन म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

म्हातारीनं उजव्या हातानं मोबाइल बाजूला सारला. "पाहुणी नव्हे. माहेरवाशीण. मला मुलगी झाली नाही, म्हणून हे कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं." मग मान वळवून म्हणाली, "मेइजुआन, हिला रिकामी पाठवू नकोस गं."

मेइजुआननं कोबी-मांसाच्या उकडलेल्या करंज्या डब्यात भरल्या, वर टॉवेल गुंडाळला आणि डबा तिच्या हातात देताना पुटपुटली, "मीठ जास्त झालं असेल तर सांगू नकोस." सुयुन त्या दिवशी काही न आवरता, काही न बदलता तासभर ओट्याच्या कडेवर बसली. हात सारखे मांडीवर वळवळत होते, पण बसली.

परतताना कालव्याच्या पुलावर तिनं तीनचाकी थांबवली, डबा उघडला आणि उभ्यानंच एकेक करंजी खाल्ली. मीठ जास्तच होतं. डोळ्यांतून पाणी का येतंय हे तिनं शोधलं नाही. डबा रिकामा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की यिनसाठी एकही उरली नाही.

मेइजुआन गव्हाच्या काढणीपर्यंत राहिली आणि मग तिएनजिनला गेली. त्यानंतर पाळ्या लागल्या. तीन महिने ती, तीन महिने गावातलीच एक पगारी बाई, आणि मधल्या फटी सुयुनच्या. पाळ्यांवरून भांडणं झाली, देशाननं एकदा फोनच घेतला नाही, सेक्रेटरीला एकदा मध्ये पडावं लागलं. म्हातारी ह्या सगळ्यात अडीच वर्षं जगली आणि एका दुपारी मेइजुआनच्या पाळीत, पेज खाऊन झाल्यावर गेली.

सुयुन पोचली तेव्हा अंगणात विधी सांगणारा म्हातारा ज्याच्या त्याच्या नात्याप्रमाणे सुतकाची पांढरी वस्त्रं वाटत होता. तिच्यापाशी येऊन तो अडखळला. दुसऱ्या घरात गेलेल्या सुनेला ह्या घराचं सुतक नसतं, तिला वस्त्र द्यायचं कोणतं? देशान दुसरीकडे बघत होता. सुयुनचे पाय परत फिरायला निघालेच होते.

"मुलीचं द्या," मेइजुआन रडून बसलेल्या आवाजात म्हणाली. "त्या तिला मुलगीच म्हणायच्या. मी ऐकलंय."

म्हाताऱ्यानं देशानकडे पाहिलं. देशाननं मान हलवली. सुयुननं वस्त्र घेतलं. गाठ तिच्या हातून दोनदा सुटली, शेवटी ती मेइजुआननंच मारून दिली.